पाळत ठेवणारे आणि पाळतीखालचे

टेलिव्हिजनवरील हेरकथा हा गंभीर वाङ्मयीन चर्चेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही मंडळी घेतील. आपल्याकडील समीक्षेने रंजनपर वाङ्मयाकडे नेहमीच नाक मुरडून पाहिले. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय आणि काळापहाड ही त्यांची माणसे चाळीचाळींतून आणि फिरत्या वाचनालयांतून गिरणी कामगारांच्या हाती पोहोचली. पण प्रस्थापित समीक्षकांनी त्यांची दखल घेतली ती तुच्छतेनेच. दलित समीक्षेनेही या प्रांतात फारसे लक्ष घातले नाही. तिच्यापुढे त्याहून मोठी कामे होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु आज आपल्या वस्तीतला तरुण कवितासंग्रह वर्षातून एखादा वाचतो आणि हेरमालिकेचे आठ-दहा भाग एका रात्रीत पाहून संपवतो. देश म्हणजे काय, शत्रू कोण, कायदा कोणासाठी आणि संशय कोणावर घ्यायचा, याचे शिक्षण त्याला पाठ्यपुस्तकापेक्षा या मालिकांतून अधिक मिळते. जे माध्यम आपल्या माणसाचे मन घडवते त्याची झडती घेणे हे समीक्षेचे कामच आहे.

मी हे लिहितो आहे ते मोऱ्याहून. पनवेल उपविभागात, उरणला लागून असलेले हे बंदर. येथून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. ओहोटीला गाळामुळे ती अडते आणि माणसे भरतीची वाट पाहत बसतात. एका बाजूला कोळ्यांच्या होड्या, जवळच करंजाचे नौदलाचे शस्त्रागार, पलीकडे तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प, आणि १९८९ पासून न्हावाशेवाचे बंदर. याच तालुक्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. याच तालुक्यात १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण मारले गेले. म्हणजे 'राष्ट्रीय महत्त्वाचा परिसर' हा शब्द येथल्या माणसाला नवा नाही. त्या शब्दाची किंमत कोणी मोजली हेही त्याला ठाऊक आहे.

या परिसरात २०१६ साली एक घटना घडली आणि हेरकथेचा विचार तिच्यापासून सुरू करणे उचित होईल. २२ सप्टेंबर २०१६ रोजी उरणमधील शाळकरी मुलांनी सांगितले की, तोंड झाकलेली, पाठीला पिशव्या आणि हाती शस्त्रे असलेली काही माणसे आपण पाहिली. चारच दिवसांपूर्वी, १८ सप्टेंबरला, काश्मीरमधील उरी येथे लष्कराच्या तळावर हल्ला झालेला होता. मग काय विचारता! नौदल, तटरक्षक दल, पोलीस, दहशतवादविरोधी पथक, सर्व यंत्रणा कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी शाळा-महाविद्यालये बंद राहिली, संशयिताचे रेखाचित्र प्रसिद्ध झाले, आकाशात हेलिकॉप्टरे फिरली. कसून शोध झाला आणि कोणीही सापडले नाही.

मुलांनी नेमके काय पाहिले, हा माझा प्रश्न नाही. यंत्रणेने शोध घेतला हेही योग्यच झाले. शस्त्रागाराच्या शेजारी राहणाऱ्यांनी खबरदारीची थट्टा करू नये. माझा प्रश्न वेगळा आहे. पाहिलेल्या चार-दोन खुणांभोवती संपूर्ण चित्र किती वेगाने उभे राहिले आणि त्या चित्राचे रंग कोठून आले? काळे कपडे, झाकलेले चेहरे, पाठीवरच्या पिशव्या, समुद्रमार्गे आलेली टोळी हे सर्व तपशील आपल्या प्रत्येकाच्या मनात आधीपासून तयार होते. २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या दृश्यांनी ते भरले होते आणि त्यानंतरच्या मालिकांनी व चित्रपटांनी ते पक्के केले होते. त्या आठवड्यात वृत्तवाहिन्यांवरील बातम्या आणि मनोरंजन वाहिन्यांवरील मालिका यांत पार्श्वसंगीताचाही फरक उरला नव्हता. प्रेक्षक बातमी पाहत होता की मालिका, हे त्यालाच सांगता आले नसते. आणि अशी हवा तापली की प्रथम दार कोणाचे वाजते? भाड्याच्या खोलीत दाटीने राहणाऱ्या परप्रांतीय मजुराचे, कंटेनर यार्डातल्या हमालाचे, गावाबाहेर पालात उतरलेल्या भटक्याचे, विशिष्ट नावाच्या आणि विशिष्ट दाढीच्या माणसाचे. बंगल्यात राहणाऱ्याकडे ओळखपत्र कोणी मागत नाही.

आता या मालिकांचा थोडक्यात मागोवा घेऊ. मुंबईत दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. हेरगिरीची गोडी लावणारी पहिली लोकप्रिय मालिका म्हणजे १९८५ ची 'करमचंद'. गाजर खाणारा हा खाजगी गुप्तहेर आणि त्याची भोळसट दाखवलेली सहायिका घराघरांत पोहोचली. १९९३ मध्ये बासू चटर्जींनी शरदिंदु बंद्योपाध्यायांचा 'ब्योमकेश बक्षी' पडद्यावर आणला. १९९८ मध्ये 'सी.आय.डी.' सुरू झाली आणि वीस वर्षे अखंड चालली. २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा आली. २०१३ मध्ये अमेरिकन '२४' या मालिकेची हिंदी आवृत्ती निघाली. त्यानंतर मोबाईलवर पाहावयाच्या मालिकांचा काळ आला : २०१९ ची 'द फॅमिली मॅन', २०२० ची 'स्पेशल ऑप्स', आणि त्यांच्यामागून आणखी कितीतरी.

या चाळीस वर्षांत एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले. करमचंद आणि ब्योमकेश गुन्ह्याचा शोध घेत. खून झालेला असे, खुनी बहुधा मृताच्या नात्यातला किंवा ओळखीचा असे, आणि लोभ, मत्सर, वासना ही कारणे असत. म्हणजे निदान एवढे तरी मान्य केलेले असे की, पाप घरात जन्मते. हेरमालिकेत पाप सीमेपलीकडून येते. घर निर्दोष असते. त्याला धोका बाहेरच्यांचा आणि बाहेरच्यांना सामील झालेल्या आतल्यांचा. खुनी शोधण्याच्या जागी देशद्रोही शोधणे आले. हा बदल केवळ कथानकाचा नाही. समाजाने स्वतःकडे पाहावे की दुसऱ्याकडे बोट दाखवावे, या भूमिकेतला हा बदल आहे.

वास्तव काय सांगते? १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या स्फोटांत २५७ माणसे मेली. त्यासाठी लागलेले आर.डी.एक्स. उतरले आमच्याच रायगड जिल्ह्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर. ते उतरले आणि रस्त्याने पुढे गेले, ते काही कोण्या अजब तंत्रज्ञानाने नव्हे. सीमाशुल्क खात्याच्या आणि पोलीस दलाच्या काही माणसांनी पैसे घेऊन डोळे मिटले म्हणून गेले. न्यायालयाने त्यांना दोषी धरून शिक्षा सुनावल्या. आणि २००८ च्या नोव्हेंबरात दहा हल्लेखोर रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत उतरले, तेव्हा त्यांना प्रथम पाहिले आणि हटकले ते तेथल्या कोळी माणसांनी. त्यांच्या नजरेचे मोल व्यवस्थेला त्या रात्री कळले नाही. पुढे झाले ते असे की समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमारालाच बायोमेट्रिक ओळखपत्र घेऊन फिरावे लागले. जो पाहणारा होता तोच तपासला जाणारा झाला. लाचेची मालिका आणि कोळणीच्या नजरेची मालिका कोणी काढली आहे काय? ती काढली तर व्यवस्थेलाच आरसा दाखवावा लागेल. आणि हेरमालिकेचा सारा डोलारा व्यवस्था निष्कलंक आहे, फार तर तिच्यात एखादा फितूर आहे, या गृहीतावर उभा आहे.

नायकांची नावे पाहा. श्रीकांत तिवारी, हिंमत सिंग, जयसिंग राठोड. आपल्या देशात आडनाव हे केवळ आडनाव नसते. मराठी माणूस या कथांत येतो तो बहुधा जोडीदार म्हणून : 'फॅमिली मॅन'मधला तळपदे, २०१८ च्या 'सेक्रेड गेम्स'मधला हवालदार काटेकर. तो विनोद करतो, नायकावर जीव लावतो आणि काटेकरसारखा प्रसंगी मरतोही. 'सी.आय.डी.'ने तर सोपा मार्ग काढला : दया, अभिजीत, प्रद्युम्न, बहुतेकांना आडनावच नाही. पाहणाऱ्याला वाटावे, जात येथे संपली. पण आडनाव लपवल्याने जात संपते, हा अनुभव आपल्यापैकी कोणाचा आहे? दलित हेर, आदिवासी हेर, विमुक्त जमातीतला तपास अधिकारी या मालिकांत शोधून सापडत नाही. संशयितांच्या रांगेत मात्र झोपडपट्टीतली माणसे चटकन सापडतात. दिग्दर्शकाला खबऱ्या हवा असला की तो वस्तीत येतो. खबऱ्याला चहा पाजतात, कॉलर धरतात, नोटा देतात. त्याला नाव क्वचित देतात.

यावर कोणी म्हणेल, हेरगिरी हे काम मुळातच उच्चभ्रूंचे, तेथे तुमची माणसे कोठून येणार? इतिहास याच्या उलट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे प्रकार दिले आहेत : कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस, सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी. राजवाड्याच्या आत खबर काढण्यासाठी कुबडे, बुटके, किरात, मुके, बहिरे, नट, नर्तक, गायक यांना वापरावे असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे डोके मंत्र्याचे आणि पाय तळागाळातल्यांचे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात यमपट दाखवीत दारोदार फिरणारा हेर चाणक्याला बातमी आणून देतो. नाटक मात्र चाणक्याच्या बुद्धीचे. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक हे रामोशी समाजातले, असे परंपरा सांगते. त्याच रामोशी समाजाच्या नशिबी पुढे इंग्रजी अमलात हजेरी आणि 'गुन्हेगार' हा शिक्का आला. आणि आमच्या बापजाद्यांचे काय? महारवतनाच्या कामांची यादी काढून पाहावी. वेशीवर पहारा देणे, गावात आलेल्या परक्या माणसाची वर्दी पाटलाला देणे, चोराचा माग काढणे, सरकारी खजिना पोहोचवणे, हद्दीच्या तंट्यात साक्ष देणे. गावाचे डोळे आणि कान आम्हीच होतो. गावाची विहीर मात्र आमची नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महारवतनाचे विधेयक आणले ते हा गुलामीचा पहारा मोडण्यासाठीच. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तेव्हा पाळत ठेवण्याचे कौशल्य आमच्याकडे नव्हते असे नाही. आमच्या कौशल्यावर मालकी दुसऱ्याची होती.

पाळतीखाली राहण्याचा अनुभव तर त्याहून दांडगा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. मूल जन्मले तेच गुन्हेगार म्हणून. माणसांच्या नोंदी, बोटांचे ठसे, दिवसाची हजेरी, रात्रीची हजेरी, गाव सोडायला परवाना. हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ च्या 'फकिरा' कादंबरीत मांगांवरची हजेरी आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ च्या 'उचल्या'त पोलिसांचे घरात शिरणे आहे. ते वाचताना 'सी.आय.डी.'तला तो प्रसिद्ध दार तोडण्याचा प्रसंग आठवावा. मालिकेत दार तुटते तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतो, कारण कॅमेरा दाराबाहेर, तोडणाऱ्याच्या खांद्यामागे उभा असतो. 'उचल्या'त लेखक दाराच्या आत आहे. एकच घटना, पण उभे राहण्याची जागा बदलली की कलाकृतीचे नीतिमूल्यच बदलते. जागेचा हा प्रश्न दलित साहित्याने मराठी वाङ्मयापुढे उभा केला. तो टेलिव्हिजनपुढे उभा करायचा राहून गेला आहे.

येथे आणखी एका पुस्तकाची आठवण देणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या चळवळीसंबंधीच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातला बराच मजकूर मुंबई सरकारच्या दप्तरातला आणि पोलिसांच्या गुप्त गोषवाऱ्यांतला आहे. याचा अर्थ काय? ज्या सभांत आमचे आजोबा-पणजोबा पहिल्यांदा ताठ मानेने बसले, त्या सभांत सरकारचा माणूसही बसलेला होता. वक्ता काय बोलला, किती लोक जमले, ठराव कोणते झाले, हे तो टिपत होता. चवदार तळ्याचे पाणी आमच्या लोकांनी २० मार्च १९२७ रोजी घेतले. महाड ते आजच्या याच रायगड जिल्ह्यात. मुक्तीच्या चळवळीकडे राज्यसंस्थेने प्रथम पाहिले ते पाळतीच्या नजरेने, आणि आज त्या चळवळीचा इतिहास लिहिताना आम्हांला त्याच नजरेच्या टिपणांचा आधार घ्यावा लागतो. हेरकथेचा इतका विलक्षण विषय एखाद्या देशी लेखकाला सुचू नये? सभेच्या कोपऱ्यात बसून टिपणे घेणारा तो माणूस कोण होता, त्याचे पोट कशावर चालत होते, बाबासाहेबांचे शब्द लिहिताना त्याचा हात कधी थरथरला की नाही, हे कोणी लिहिले नाही. ही जुनी गोष्ट झाली असेही म्हणता येत नाही. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांचे दूरध्वनी क्रमांक पेगॅसस या हेर-प्रणालीच्या संभाव्य लक्ष्यांच्या यादीत असल्याचे २०२१ साली जगभरच्या वृत्तसंस्थांनी प्रसिद्ध केले. सभेच्या कोपऱ्यातला माणूस आता खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसू शकतो. आणि त्याच मोबाईलवर आपण हेराच्या पराक्रमाची मालिका पाहतो.

प्रेक्षकांवरील परिणामाचा प्रश्न आता सरळ घेऊ. जॉर्ज गर्बनर या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून टेलिव्हिजनवरील हिंसेचा दीर्घ अभ्यास केला. त्याचे प्रतिपादन असे की, टेलिव्हिजन फार पाहणारा माणूस हिंसक होतो की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. तो जगाला आहे त्यापेक्षा अधिक भयंकर समजू लागतो, हे खरे. भ्यालेला माणूस कठोर शिक्षांना, जादा पोलिसांना, कमी अधिकारांना राजी होतो. दुसरा दाखला अधिक नेमका आहे. २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे डीन, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, '२४' या मालिकेच्या निर्मात्यांना जाऊन भेटले. मालिकेतला नायक संशयिताचा छळ करून माहिती काढतो आणि देश वाचवतो. ते पाहून आमच्या छात्रांना कायदा शिकवणे कठीण झाले आहे, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. जेथे प्रशिक्षित लष्करी छात्रावर मालिका कायद्याहून भारी पडते, तेथे पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या आमच्या पोरांची काय कथा?

छळाचे समर्थन करणारी युक्ती प्रत्येक मालिकेत तीच असते. बॉम्ब फुटायला थोडा वेळ आहे, संशयित खरा गुन्हेगार आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवले आहे, आणि त्याने तोंड उघडले की शहर वाचणार आहे. या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष कोठडीत कधी एकत्र नसतात. तेथे असतो तो संशय, आणि संशयाला जात असते. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा माणसांना पकडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्यांची फाशी मुक्रर केली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले, त्यांना खोटे गुंतवले गेल्याचे म्हटले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्यक्ष साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. मालिकेत खरा गुन्हेगार तासाभरात सापडतो. येथे खोटे गुन्हेगार सुटायला सोळा वर्षे लागली. आणि परभणीचे ताजे उदाहरण कोणी विसरले नसेल. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जो उद्रेक झाला, त्यात अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर रोजी कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांचा उल्लेख होता. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा असे उच्च न्यायालयाला जुलै २०२५ मध्ये सांगावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. संविधानाचा अपमान झाला म्हणून जो समाज रस्त्यावर आला, त्याच्याच पोराला संविधानाने दिलेले संरक्षण कोठडीत मिळाले नाही.

त्या डिसेंबरात माझ्या वर्गात या विषयावर बोलणे निघाले. पोलीस भरतीची तयारी करणारा, बौद्ध कुटुंबातलाच एक विद्यार्थी म्हणाला, "सर, थोडा मार दिल्याशिवाय कोणी कबूल होतं का?" तो दुष्ट नव्हता. परभणीसाठी निघालेल्या मोर्चात तो स्वतः गेला होता. तरी त्याच्या मनात दोन खण होते : एका खणात आपला माणूस, दुसऱ्या खणात 'संशयित'. हे दोन्ही एकच असू शकतात हे त्याच्या ध्यानात येत नव्हते, कारण त्याने पाहिलेल्या शेकडो भागांत ते कधी एक नव्हते. हेरमालिकांच्या प्रभावाचे याहून स्पष्ट रूप मला माहीत नाही. ती आपल्याला शत्रू दाखवते हे फार तर अर्धे सत्य झाले. ती आपल्यालाच आपल्याविरुद्धच्या पहाऱ्यावर उभे करते, आणि त्या पहाऱ्याला कर्तव्य म्हणायला शिकवते. वतनाचा पहारा कायद्याने गेला. मनातला पहारा असा नव्याने बसवला जातो आहे.

या मालिका सर्वस्वी टाकाऊ आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. 'द फॅमिली मॅन'मध्ये पगार पुरत नसलेला, घरी बायकोची बोलणी खाणारा, पोरांच्या प्रश्नांनी हैराण झालेला सरकारी नोकर आहे. प्रेक्षकाला तो आपला वाटतो, ते उगाच नव्हे. त्याच मालिकेच्या पहिल्या भागमालेत गोमांसाच्या प्रश्नावर निषेध करायला निघालेला करीम नावाचा कॉलेजचा विद्यार्थी हेरांच्या चुकीच्या संशयाने मारला जातो आणि यंत्रणा त्याला दहशतवादी ठरवून मोकळी होते. एवढे सांगण्याचे धैर्य मालिकेने दाखवले, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. पण पुढे काय होते ते पाहावे. त्या मृत्यूचे ओझे नायकाच्या चेहऱ्यावर दिसत राहते, आणि प्रेक्षकाची सहानुभूती मारणाऱ्याच्या अपराधी मनाकडे वळते. मेलेल्याच्या घरी कॅमेरा फार काळ थांबत नाही. मेलेला पोरगा नायकाच्या स्वभावचित्रणाचे साधन होतो. मराठी मध्यमवर्गीय कथेत अस्पृश्य माणूस असाच येत असे : लेखकाच्या कळवळ्याला निमित्त म्हणून. आपण त्या कळवळ्याला नकार दिला होता. पडद्यावरचा कळवळाही त्याच जातीचा आहे.

हेरकथेचे खरे आकर्षण गोळीबारात नाही, ते ओळख लपवण्यात आहे. खोटे नाव, खोटे गाव, खोटी नाती घेऊन माणूस परक्यांत राहतो आणि कोणत्याही क्षणी उघडा पडेल या भयाने त्याचा प्रत्येक शब्द तोललेला असतो. पांढरपेशा प्रेक्षकाला या स्थितीचे अप्रूप वाटते. आपल्याला वाटावे काय? शहरात खोली शोधताना आडनाव गिळणारा, कचेरीत जयंतीची रजा 'घरगुती कारणासाठी' म्हणून मागणारा, मित्राच्या घरी देव्हाऱ्यापुढे अवघडून उभा राहणारा आपला सुशिक्षित माणूस दुसरे काय करतो? पहिल्या नोकरीच्या गावी खोली पाहताना घरमालकाने मला गाव विचारले, मग गावातला भाग विचारला, मग कुलदैवत विचारले. चौकशीची ती पद्धत कोणत्याही तपासखात्याला शोभेल अशी होती. खोली मिळाली नाही, हे सांगायला नकोच. बाबूराव बागुलांनी हे सर्व १९६३ सालीच लिहून ठेवले आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला नायक परगावी नोकरीसाठी जातो, निवाऱ्यासाठी जात लपवतो, आणि ती उघडकीस येताच मार खातो. माझ्या मते मराठीतली पहिल्या प्रतीची हेरकथा ही आहे. फरक इतकाच की पडद्यावरचा हेर शत्रूच्या देशात ओळख लपवतो, बागुलांचा नायक स्वतःच्या देशात. पडद्यावरच्या हेरामागे अखंड राज्ययंत्रणा उभी असते. याच्यामागे कोणी नसते.

२०२३ च्या 'दहाड' या मालिकेने या दिशेने एक पाऊल टाकले, त्याची नोंद घेतली पाहिजे. राजस्थानातल्या ठाण्यातली उपनिरीक्षक अंजली भाटी ही दलित. तिच्या बापाने मेघवाल हे आडनाव टाकून भाटी घेतलेले. ती जवळून गेली की सहकारी उदबत्ती लावतो. तपास ती करते, आणि शेवटी आपले मूळ आडनाव परत घेते. ही हेरकथा नव्हे, पोलीसकथा आहे. आणि ती आपल्या हातून लिहिली गेलेली नाही. तरीही तपास करणाऱ्याची जात पडद्यावर आली की कथेचा कस कसा बदलतो, हे तिने दाखवले. गुन्हेगार कोण हा प्रश्न मग एकटा राहत नाही. तपास करणाऱ्या ठाण्यातच कोणता गुन्हा रोज चालू आहे, हा दुसरा प्रश्न त्याच्याशेजारी येऊन बसतो.

तेव्हा करावे काय? मालिकांवर बंदी घाला, अशी मागणी मी करणार नाही. ज्यांच्या तोंडावर हजारो वर्षे बंदी होती त्यांनी बंदीची भाषा बोलू नये. मुलांना पाहू नका म्हणण्यातही अर्थ नाही. ती पाहणारच, आणि दिवसभर कंटेनर यार्डात राबून आलेल्या माणसाला दोन घटका करमणूक हवी, यात गैर काही नाही. परंतु आमच्या शिक्षकांनी, ग्रंथालयांनी, वस्तीतल्या मंडळांनी या मालिकांवर बोलले पाहिजे. कॅमेरा कोणाच्या खांद्यामागे आहे, कोणाला आडनाव आहे, मार खाणाऱ्याचे घर दाखवले की नाही, लाच घेणारा कोठे गेला, हे प्रश्न पोरांना विचारायला शिकवले पाहिजेत. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हे संविधानाचे बाविसावे कलम आहे. ते भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक पोराला उठाबशांच्या संख्येइतके पाठ असले पाहिजे. उद्या हीच पोरे ठाण्यात बसणार आहेत. तेथे त्यांनी कोणाचे डोळे घेऊन बसायचे, हे आज ठरते आहे.

आणि लेखकांना एक सांगणे आहे. आत्मकथनांनी पाळतीखालच्या माणसाचे जग मराठीत आणले. आता त्या जगाला कथानकाचे, रहस्याचे, उत्कंठेचे रूप देण्यात कमीपणा मानू नये. उत्कंठा ही काही सवर्णांची मिरास नव्हे. अण्णा भाऊंना ती चांगली वश होती, आणि म्हणूनच ते सामान्य वाचकापर्यंत पोहोचले. वेशीवरचा येसकर, १९२७ च्या सभेतला टिपणे घेणारा सरकारी माणूस, शेखाडीच्या किनाऱ्यावर त्या रात्री माल उतरताना पाहणारा एखादा मजूर, मच्छीमार वसाहतीतली हटकणारी बाई, सोळा वर्षे तुरुंगात काढून गावी परतलेला भटका, ही सगळी कथा लिहिणाऱ्याची वाट पाहत आहेत. त्यांनी काय पाहिले हे त्यांच्या जागेवरून सांगितले गेले, तर टेलिव्हिजनवरचा हेर किती थोडे पाहतो हे आमच्या पोरांना आपोआप कळेल.